घुबडाच्या चित्रातली जागा

मित्रांनो, मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. देवदाराच्या फळ्या एकमेकींना जोडून आणि मागून दोन आडव्या पट्ट्या ठोकून उज्जैनच्या एका सुताराने मला तयार केलं. त्याने मला रंध्याने इतकं गुळगुळीत केलं होतं, की माझ्यावर तळहात फिरवला तरी तो कुठे अडत नसे. मला बनवून घेतलं ते अनिल यांनी, म्हणजे आमच्या घरच्या बाबांनी. ते जळगावकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले. पुलांचे आणि फलाटांचे नकाशे काढणं हे त्यांचं काम होतं. संध्याकाळी घरीही ते मला मांडीवर घेऊन बसत. पेन्सिलीला टोक काढताना ते गुणगुणत आणि मला आपण कुणीतरी महत्त्वाचे आहोत असं वाटे.

पुढे त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले. नकाशे पडद्यावर निघू लागले. बाबांनी मला पुसून कपाटामागे उभं केलं आणि मग बरीच वर्षं मी तिथेच राहिलो. उन्हाळ्यात आई मला गच्चीत नेऊन माझ्यावर कुरडया वाळत घालायची. एकदा कुणीतरी गरम पातेलं ठेवलं, त्याचा काळा गोल अजून माझ्या पाठीवर आहे. मी तक्रार केली नाही. बोर्डाला तक्रार करता येत नाही.

मला कपाटामागून पुन्हा काढलं ते बाबांच्या मुलीने, देवश्रीने. ती फिजिओथेरपिस्ट आहे. नानाखेड्याला एका क्लिनिकमध्ये लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे मोकळे करते. लॉकडाउनमध्ये क्लिनिक बंद होतं, तेव्हा तिने बाल्कनीत येणारे पक्षी काढायला सुरुवात केली. साळुंकी, मग होला, मग कडुलिंबावरचा तांबट. तिने माझ्यावर कागद लावला, चार कोपऱ्यांना क्लिपा अडकवल्या आणि पहिली रेघ ओढली. इतक्या वर्षांनी पेन्सिलीचा दाब अंगावर आला तेव्हा मला काय वाटलं, ते मला नीट सांगता येणार नाही.

लाकडाला भीती वाटते का, असं तुम्ही विचाराल. मला ती माणसाच्या हातांतून कळते. घाबरलेल्या माणसाचे तळवे ओले होतात आणि लाकूड ओलावा पिऊन घेतं.

पहिल्यांदा मी तो ओलावा प्यायलो तो भय्यासाहेबांच्या घरी. भय्यासाहेब माधव नगरला राहतात. त्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या दरबारी नोकरीला होते, पण त्यांनी स्वतः सगळी हयात गुरांचे डॉक्टर म्हणून खेडोपाडी हिंडण्यात काढली. रिटायर झाल्यावर ते पक्ष्यांची चित्रं काढू लागले. महिन्यातून एका रविवारी त्यांच्या समोरच्या खोलीत पक्षी आणि प्राणी काढणारी मंडळी जमतात. प्रत्येकाने आपलं चित्र खिडकीपाशी उभं करायचं आणि गप्प बसायचं. बाकीचे बोलतात. ज्याचं चित्र असेल त्याने मध्ये बोलायचं नाही, असा तिथला कायदा आहे.

देवश्री पहिल्यांदा बगळ्याचं चित्र घेऊन गेली. मला स्टँडवर ठेवताना तिचे हात इतके ओले होते, की एक क्लिप निसटून खाली पडली. खोलीत बरीच मंडळी होती. शाळेत शिकवणाऱ्या अपर्णाताई चष्मा पुसत पुढे आल्या. जाहिरातींची डिझाइन करणारा सौमित्र मोबाइल खिशात टाकून वाकला. भय्यासाहेब खुर्चीतच बसून राहिले. सगळे बराच वेळ चित्र बघत राहिले.

"देवश्री बेटा," भय्यासाहेब अखेर म्हणाले, "हा गुडघा तू उलटा काढला आहेस."

देवश्रीचं तोंड उघडलं आणि कायदा आठवून मिटलं.

"तुला वाटतं बगळ्याचा गुडघा मागे वाकतो. तो गुडघा नाहीच. तो घोटा आहे. गुडघा वर, पिसांच्या आत लपलेला असतो. तू तर रोज माणसांचे गुडघे बघते. याचा नाही बघितला. फोटो बघितला फक्त."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण आवाज कोरडा होता. घरी येताना रिक्षात देवश्री मला छातीशी धरून बसली होती. आता परत जायचं नाही, असं ती बाबांना म्हणाली. बाबा हसले. "त्यांनी तुझं चित्र इतका वेळ पाहिलं ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा गेली. आणि त्याच्या पुढच्याही. दर वेळी तिचे हात ओले असत, दर वेळी काही ना काही चूक निघे. हळद्याची चोच जड झाली, घारीच्या पंखाची मोठी पिसं कमी पडली, वंचक बगळा पाण्यावर बसल्यासारखा दिसतो, पाण्यात उभा वाटत नाही. अपर्णाताई हळू आवाजात सांगायच्या, सौमित्र हातवारे करून, भय्यासाहेब दोन वाक्यांत. आणि देवश्रीचे पक्षी हळूहळू कागदावर बसू लागले, उभे राहू लागले, वजनदार होऊ लागले. मला ते कळत होतं. चांगल्या चित्राखाली मीही जरा ताठ उभा राहायचो.

मग ते घुबड आलं.

शहराबाहेर शिप्रेला मिळणारा एक ओढा आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही, ते का हे तुम्हाला लवकरच कळेल. पावसाने त्याचे काठ खोल कापले गेले आहेत आणि मातीच्या उभ्या भिंती झाल्या आहेत. एका सकाळी देवश्री तिथे धोबी पक्षी काढायला गेली आणि समोरच्या भिंतीतल्या कपारीतून दोन नारिंगी डोळे तिच्याकडे बघताना दिसले. ते शृंगी घुबड होतं. मांजराएवढं मोठं, डोक्यावर पिसांची दोन शिंगं, अंगाचा रंग हुबेहूब त्या मातीसारखा. त्याच्याच जरा वर, सावलीत, दुसरं होतं. जोडी होती.

देवश्री हलली नाही. तिचा हात माझ्यावर ठेवलेला होता आणि तो कोरडा होता, पण त्यातली नाडी जोरात चालत होती. ती त्या दिवशी दुरून रेखाटनं करून परत आली. नंतर कित्येक सकाळी ती तिथे गेली, नेहमी त्याच अंतरावर बसली. तिने जे चित्र केलं तसं मी माझ्या आयुष्यात अंगावर वागवलं नव्हतं. कपारीत बसलेलं घुबड, त्याच्या छातीवरच्या काळ्या रेघा, पायाच्या बोटांपर्यंत आलेली मऊ पिसं. मागे मातीची भिंत, तिच्यातून लोंबणारी मुळं, काठावरचं खाली वाकून पुन्हा वर गेलेलं शिंदीचं झाड, आणि दूर नदीचं वळण. भय्यासाहेबांनी शिकवल्याप्रमाणे तिने काहीही मनाने घातलं नव्हतं. जसं होतं तसं काढलं होतं.

दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर आली होती, तेव्हाच्या रविवारी ते चित्र खिडकीपाशी उभं राहिलं. अपर्णाताईंनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "हे बघतंय आपल्याकडे," त्या म्हणाल्या. सौमित्रने मोबाइल काढून दोन-तीन फोटो घेतले. मंडळींचं इंटरनेटवर एक पान आहे, ते तोच सांभाळतो.

भय्यासाहेब खुर्चीतून उठले. ते सहसा उठत नाहीत. त्यांनी चित्र जवळून पाहिलं, मग आणखी जवळून, आणि मला जाणवलं की ते घुबडाकडे बघतच नव्हते.

"ही जागा खरी आहे?" त्यांनी विचारलं.

देवश्रीने मान हलवली.

"झाड पण? नदीचं वळण पण?"

"हो. सगळं जसंच्या तसं आहे," देवश्री म्हणाली. कायदा तिने मोडला, पण कुणी टोकलं नाही.

"पक्षी सही आहे. बिलकुल सही. पण मागचं सगळं पुसून टाक. आणि हे चित्र या खोलीच्या बाहेर जाऊ देऊ नको."

देवश्रीचा चेहरा उतरला. पहिल्यांदा कौतुक होत होतं आणि त्याच क्षणी कुणीतरी हात धरून खाली ओढल्यासारखं झालं. "पण का?" तिने विचारलं.

"दिवाळी आहे बेटा. दिवाळीच्या आधी घुबडं पकडतात. जादूटोण्यासाठी. असले लोक नकाशा शोधत असतात, आणि तू त्यांना नकाशा काढून दिला आहेस."

सौमित्र मोबाइलकडे बघत होता. "भय्यासाहेब," तो हळूच म्हणाला, "मी टाकला फोटो. आत्ताच. खाली देवश्रीचं नाव आणि उज्जैन असंही लिहिलं."

"काढ," भय्यासाहेब म्हणाले.

सौमित्रने लगेच काढला. पण तेवढ्या वेळात कितीतरी लोकांनी तो पाहिला होता, काहींनी पुढे पाठवला होता. त्या रात्री जेवण झाल्यावर देवश्री मला टेबलावर आडवा ठेवून माझ्यावर मोबाइल टेकवून बसली आणि बाबांना वाचून दाखवू लागली. पुढे गेलेल्या फोटोखाली अनोळखी लोक तिच्या चित्राचं कौतुक करत होते. 'कमाल की पेंटिंग.' 'असली लग रहा है.' आणि मध्येच एकाने लिहिलं होतं, 'यह झाड़ तो मैंने देखा है, हमारे गाँव के नाले पर है.' तिने ते वाक्य वाचलं आणि पुढचं वाचलं नाही. तिचा तळवा माझ्यावर आला. तो ओला होता.

पण दुसऱ्या दिवशी उजेडात भीती जरा लहान वाटते. देवश्रीने स्वतःची समजूत घातली, की कुणी एवढ्यासाठी ओढ्यात उतरणार नाही. चित्र पुसायचा तिला धीर होत नव्हता. इतकं चांगलं ते पुन्हा होईल की नाही, याची तिला खात्री नव्हती. तिने ठरवलं, की निदान घरात लावायला त्याची फ्रेम करून घ्यावी. त्या आठवड्यात एक दिवस ती मला चित्रासकट क्लिनिकला घेऊन गेली. काम संपल्यावर टावर चौकातल्या फ्रेमवाल्याकडे जायचं होतं. तिच्या केबिनमध्ये भिंतीला टेकून मी उभा होतो, वर एक जुनी ओढणी झाकलेली.

दुपारी एक माणूस आला. पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस, हातात मिठाईचा पुडा. त्याचं काही दुखत नव्हतं.

"मैडम, आपने ही वो उल्लू बनाया है ना?" त्याने खुर्चीत बसत विचारलं. "घर गया था आपके, बाबूजी ने बताया आप यहाँ मिलोगी."

घरी जाऊन आला होता. मित्रांनो, त्या वाक्याने माझ्या फळ्यांमधले सांधे ताणल्यासारखे झाले.

"हो," देवश्री मराठीतच म्हणाली आणि मग हिंदीत वळली. "फोटो देखकर बनाया था. जगह मुझे नहीं मालूम."

"अच्छा, अच्छा." तो हसला. त्याचं हसणं अगदी साधं होतं, शेजारच्या काकांसारखं. "बच्चों को दिखाना था. एक बार देख लूँ?"

तिने नाही म्हणायच्या आत त्याने ओढणी बाजूला केली. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. मित्रांनो, इतक्या मंडळींनी माझ्यावरची चित्रं पाहिली, पण त्या माणसाइतकं बारकाईने कुणीही पाहिलं नव्हतं. त्याने घुबडाकडे जेमतेम नजर टाकली. मग त्याचं बोट कागदावर टेकलं आणि मुळांवरून, भिंतीवरून, हळूहळू झाडाकडे सरकलं.

"बहुत सही बनाया है," तो म्हणाला. "धूप सामने से पड़ रही है, और रंग हल्का है. सुबह की धूप है, ना? मतलब दीवार पूरब को देखती है." बोट वर गेलं. कपारीच्या सावलीत देवश्रीने फक्त दोन करड्या फटकाऱ्यांत काहीतरी काढलं होतं. आमच्या मंडळींपैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. "और यह दूसरा. जोड़ा है."

देवश्रीने केबिनचं दार उघडलं.

त्या माणसाने ओढणी पुन्हा नीट झाकली, मिठाईचा पुडा टेबलावर ठेवला, हात जोडले आणि गेला. तो पुडा तिने उघडला नाही. ती भिंतीला टेकून तिथेच जमिनीवर बसली आणि माझ्या कडेवर तिने हात ठेवला. इतकं पाणी मी कधी कुणाच्या हातातून प्यायलो नव्हतो.

फ्रेमवाल्याकडे आम्ही गेलो नाही. देवश्रीने तिथूनच भय्यासाहेबांना फोन केला. मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "बाबांना सांग दार लावून बसा. मी जंगल खात्याला कळवतो. उद्या उजाडताच आपण जाऊ. आत्ता अंधार होईल, आणि त्या ओढ्यात अंधारात उतरण्यात शहाणपण नाही."

सकाळी सौमित्र भय्यासाहेबांना बसवून गाडी घेऊन आला. त्याचे डोळे लाल होते, तोही झोपला नव्हता. "माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "आपल्या दोघांमुळे," देवश्री म्हणाली. मला तिने मुद्दाम बरोबर घेतलं होतं. कुणी विचारलंच, तर चित्र काढायला आलोय असं सांगता आलं असतं. माझ्यावर कोरा कागद लावला होता. जंगल खात्याची माणसं मागून येणार होती.

गाडी झाडाआड लावून काठावर पोचलो तेव्हा ऊन नुकतं मातीच्या भिंतीवर पडत होतं. त्या माणसाने सांगितलं होतं अगदी तसंच. आणि त्या उन्हात कपारीच्या समोर हवेत काहीतरी लटकत होतं. दोन बांबूंमध्ये बांधलेलं जाळं इतकं बारीक होतं, की दोरे दिसत नव्हते. त्यात अडकलेलं घुबड फक्त दिसत होतं. डोकं खाली, एक पंख उघडा, एक पाय वर ओढलेला. ते हलत नव्हतं.

"जिवंत आहे," भय्यासाहेब म्हणाले. "डोळा बघा."

भय्यासाहेबांचं वय आणि त्यांचे गुडघे पाहता त्यांना त्या उतारावरून खाली जाता येणं शक्य नव्हतं. ते काठावर उभे राहिले. देवश्री आणि सौमित्र बसत, घसरत खाली उतरले. मी देवश्रीच्या काखेत होतो. ओढ्यात पाणी घोट्याएवढं होतं.

जवळ गेल्यावर घुबडाने चोच वाजवली. कट्, कट्. सुकलेली काठी मोडावी तसा आवाज. देवश्री थांबली.

"पंजाची भीती बाळग, चोचीची नको," वरून भय्यासाहेबांचा आवाज आला. तो नेहमीसारखाच कोरडा होता, आणि त्या क्षणी त्या कोरडेपणाचा केवढा आधार वाटला. "आधी ओढणी डोक्यावर टाक. अंधार झाला की ते शांत होईल. मग खालून बोर्ड दे, त्याला टेकायला काहीतरी पाहिजे."

देवश्रीने ओढणी टाकली. तिने मला घुबडाच्या खाली धरलं आणि त्याचं वजन माझ्यावर आलं. मित्रांनो, मी त्याचं चित्र कित्येक दिवस अंगावर वागवलं होतं. पण त्याचं खरं अंग गरम होतं आणि थरथरत होतं. ती थरथर माणसाच्या हातासारखीच होती. मग त्याचा मोकळा पंजा मिटला आणि त्याच्या नख्या कागद फाडून माझ्यात खोल घुसल्या. मला दुखलं असं मी म्हणणार नाही. तिथे देवश्रीचं मनगट असतं तर काय झालं असतं, हे मला तेव्हा कळलं.

सौमित्र खिशातल्या कात्रीने दोरे कापू लागला. एक, मग दुसरा. पंखाजवळचे दोरे पिसांत रुतले होते. "हळू," देवश्री कुजबुजली. "पिसांच्या दिशेने काप. उलटं नको."

तेवढ्यात वर मोटरसायकलचा आवाज आला.

तो जवळ आला आणि थांबला. दोघे असावेत. आम्ही भिंतीच्या पोटात होतो, वरून दिसत नव्हतो, आणि आम्हालाही वरचं काही दिसत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं.

"राम राम, बाबा," तोच साधा आवाज. "यहाँ सुबह-सुबह?"

"राम राम," भय्यासाहेब म्हणाले. "बैठा हूँ. घुटने में दर्द है."

"अकेले?"

सौमित्रची कात्री थांबली. घुबडाच्या छातीतली धडधड माझ्या लाकडात उतरत होती आणि वरून देवश्रीचीही. दोन्ही सारख्याच वेगाने चालल्या होत्या. घुबडाने आता एकदा जरी चोच वाजवली असती, तर सगळं संपलं असतं.

"अकेला नहीं," भय्यासाहेब सावकाश म्हणाले. "जंगल विभागवालों की राह देख रहा हूँ. कल शाम को फोन किया था. किसी ने यहाँ जाल लगाया है, ऐसा सुना. मैं जानवरों का डॉक्टर हूँ, तो मुझे भी बुला लिया. आप इसी गाँव के हो? गाड़ी का नंबर तो उज्जैन का ही है."

एक दगड सुटून गडगडत खाली आला आणि पाण्यात पडला. म्हणजे कुणीतरी कडेवर येऊन वाकलं होतं.

"उमर का खयाल रखो, बाबा," तो आवाज शेवटी म्हणाला. "ऐसी जगह अकेले नहीं बैठते."

मोटरसायकल चालू झाली. आवाज लांब गेला. तरीही बराच वेळ देवश्री हलली नाही. मग वरून भय्यासाहेब म्हणाले, "कापा आता." आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला.

शेवटचा दोरा सुटला. घुबडाचा पंजा मात्र माझ्यातून निघेना. "ओढू नको," भय्यासाहेबांनी सांगितलं. "पाय सरळ कर. पाय लांब झाला की पंजा आपोआप उघडतो." देवश्रीने तसं केलं. ती रोज माणसांचे पाय सरळ करते, तसाच, घाई न करता. नख्या सुटल्या. तिने पंख चाचपून पाहिला. हाड धड होतं, दोन मोठी पिसं मोडली होती. मग तिने मला जमिनीवर टेकवलं आणि ओढणी उचलली.

घुबड माझ्यावर बसून राहिलं. त्याने आमच्याकडे पाहिलं. मग एका जड झेपेने ते उठलं, ओढ्याच्या वळणावरून एका बाजूला कलत गेलं आणि दिसेनासं झालं. पंखांचा काहीही आवाज झाला नाही. दुसरं घुबड आम्हाला कुठेच दिसलं नाही. कपारीखाली एक पीस पडलं होतं. ते कधीचं होतं, कुणास ठाऊक.

जंगल खात्याची माणसं उन्हं वर आल्यावर पोचली. त्यांनी जाळं आणि बांबू नेले. तो माणूस पुढे सापडला की नाही, ते आम्हाला कधी कळलं नाही. कित्येक दिवस बाबा दाराची साखळी लावून, फटीतून बघितल्याशिवाय दार उघडत नसत.

घुबडांची जोडी त्या कपारीत परत आली नाही. भय्यासाहेबांनी दिवाळीनंतर माणूस पाठवून बघितलं. कपारीत कोळिष्टकं झाली होती. दुसरं घुबड उडून गेलं, की आम्ही पोचायच्या आधीच कुणी नेलं, हे आम्हाला माहीत नाही. देवश्रीने मला पुसलं, भोकांतली माती काढली आणि कपाटामागे उभं केलं. हिवाळा तसाच गेला. तिने ब्रशला हात लावला नाही.

एक दिवस भय्यासाहेब काठी टेकत आमच्या घरी आले. चहा झाल्यावर त्यांनी ते चित्र मागितलं. देवश्रीने ते गादीखालून काढलं. फाडणं तिच्याने झालं नव्हतं, बघणंही झालं नव्हतं.

"यात एक चूक राहिली आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे. जागा."

"जागा तर तू पुसशीलच. मी डोळ्याचं म्हणतो. हा डोळा बघ किती इत्मीनानने, निवांत बसला आहे. तू त्याला दुरून बघितलंस म्हणून असा काढलास. आता तू त्याला जवळून बघितलंस. मला सांग, असा असतो का तो?"

देवश्री रडली. बाबा उठून आत गेले आणि उगाच पाण्याचा ग्लास घेऊन आले. भय्यासाहेब तिचं रडणं संपेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "बोर्ड कुठे आहे?"

तिने मला बाहेर काढलं. त्या जुन्या चित्रावर तिने मातीचा दाट रंग चढवला. मुळं गेली, झाड गेलं, नदीचं वळण गेलं, सावलीतलं दुसरं घुबडही गेलं. ते झाकताना तिचा हात थांबला होता. मग तिने डोळा पुन्हा काढला. आता त्या कागदावर फक्त एक घाबरलेलं घुबड आहे, आणि ते जगात कुठेही असू शकतं.

आमच्या मंडळींत आता एक नवी रीत पडली आहे. पाय, पिसं, चोच यांच्याबद्दल बोलण्याआधी अपर्णाताई विचारतात, "यातून कुणाला काय कळेल?" सौमित्र त्याचं उत्तर मिळेपर्यंत मोबाइल खिशातून काढत नाही.

या वर्षी थंडी सुरू होताना देवश्री आणि सौमित्र मला घेऊन एका वेगळ्याच बाजूला, मोकळ्या रानात टिटव्या काढायला गेले होते. परतायची वेळ झाली, ऊन उतरलं, आणि कुठूनतरी एक खोल आवाज आला. बू, बो. पुन्हा थांबून, बू, बो. देवश्रीचा हात माझ्यावर होता. तो ओला झाला, मग हळूहळू कोरडा होत गेला.

"कुठून आला?" सौमित्रने विचारलं.

ती ज्या बाजूला बघत होती, तिकडून तिने मान वळवली. "कळलं नाही," ती म्हणाली. "चल, उशीर होतोय."

मित्रांनो, पक्षी काढा. त्यांचे पाय, त्यांची पिसं नीट बघून काढा, आणि कुणी चूक दाखवली तर गप्प बसून ऐका. पण एखादं घरटं दिसलं, एखादी कपार सापडली, तर ती कागदावर आणू नका, फोटोत आणू नका, कौतुकासाठी कुणाला सांगू नका. घरी विचारलं, आज काय पाहिलंस, तर पक्ष्याचं नाव सांगा. तो कुठे झोपतो ते कुणी विचारलं, तर म्हणा, कळलं नाही.